टेफ्लॉन स्टॉपकॉकची ब्युरेट: उन्हाळा ते हिवाळा वापरल्यानंतर

‘ए’ क्लासची (म्हणजे जास्त अचूक दर्जाची), टेफ्लॉन स्टॉपकॉक (तोटी) असलेली ५० मिलीची ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडण्याची खुणांची काचनळी, मी उन्हाळ्यात घेतली. सिंहगड रस्त्यावरील आमच्या छोट्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत सोडियम हायड्रॉक्साइडमुळे काचेचे स्टॉपकॉक अडकून बसत आणि ते सोडवताना चावीबरोबर (तोटीच्या फिरत्या भागाबरोबर) ब्युरेटही हातची जाई. टेफ्लॉनला ग्रीज लागत नाही, सोडियम हायड्रॉक्साइडसारखी अल्कलीही त्याचे काही बिघडवत नाही. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट तोलून सोडियम हायड्रॉक्साइड प्रमाणित करताना (त्याची नेमकी तीव्रता ठरवताना) लागोपाठची रीडिंग्ज इतकी जुळत, की पावसाळा संपेपर्यंत मी या खरेदीवर बेहद्द खूश होतो.

डिसेंबरच्या थंडीत मात्र स्टॉपकॉक पूर्ण बंद असतानाही टोकाशी थेंब जमू लागला. एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिली, या क्लासला जेवढ्या चुकीची मुभा आहे, तेवढी एकट्या थेंबातच संपली. बोअरवेलच्या पाण्याचा कठीणपणा ०.०१ मोलर ईडीटीएने (कठीणपणा मोजण्यासाठी ब्युरेटमधून सोडायच्या द्रावणाने) काढताना ५० मिली नमुन्यात तेवढ्याने लिटरमागे १ मिलिग्रॅमचा फरक पडतो, जो ३००-४०० च्या आकड्यात कोणाला जाणवणारही नाही. परंतु थेंब एकावर थांबत नाही. एरिओक्रोम ब्लॅक टी या रंगसूचकाचा लालसर रंग निळ्याकडे झुकत असताना हात आवरून फ्लास्क हलवायचा असतो आणि नेमकी तेव्हाच ब्युरेट आपल्या मर्जीने गळत असते.

विक्रेत्याने आधी ‘ग्रीज लावा’ असे सांगितले (ज्याच्यापासून सुटका व्हावी म्हणून जादा पैसे मोजले, तेच!), मग चावी सुटी मिळत नाही, नवी ब्युरेट घ्या, असे सुचवले. या उत्तरानंतर मी प्रतिकूल अभिप्राय लिहायलाच बसलो होतो.

दोष चावीचा नव्हता. तापमान बदलले की टेफ्लॉन बोरोसिलिकेट काचेच्या कित्येक पटीने प्रसरण किंवा आकुंचन पावते. त्यामुळे मे महिन्यातील दुपारी नेमका बसलेला स्टॉपकॉक पुण्यातील डिसेंबरच्या सकाळी सैल पडतो. चावी धरून ठेवणारा नट किंचित आवळताच गळती थांबली. दुपारी चावी जड फिरू लागल्यास नट जरा सैल करावा, आणि काम संपल्यावर ढिलाच ठेवावा, कारण सतत दाबाखाली टेफ्लॉन हळूहळू आकार सोडते. आता रोज सकाळी शून्यापर्यंत भरून, टोक पुसून, दहा मिनिटे मेनिस्कसवर (द्रावणाच्या वक्र पातळीवर) लक्ष ठेवल्याशिवाय टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटने थेंबाथेंबाने मोजणी, सुरू होत नाही.

एवढी माहिती खोक्यात एका चिठ्ठीवर देता आली असती. सोडियम हायड्रॉक्साइडसाठी मी हीच ब्युरेट पुन्हा घेईन, पण चावी सुटी विकणाऱ्याकडून. थायोसल्फेटच्या द्रावणासाठी मात्र जुनी, काचेच्या स्टॉपकॉकची स्वस्त ब्युरेट पुरेशी आहे.