बी-टू बूट: आधी सिंहगड, मग आल्प्सच्या हिमनद्या, मग पुण्याचा पावसाळा

फ्रान्समधल्या शामोनीपासून स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटपर्यंत हिमनद्यांवरून, एका हटवरून (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरावरून) दुसऱ्या हटवर जाणारी ‘ओत रूट’ ही वाट गाइडबरोबर करायचं ठरवलं असेल, तर क्रॅम्पॉन (बुटाखाली बसवायचे धातूचे दात), आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) आणि हार्नेस (दोर अडकवायचा कमरपट्टा) तिथेच भाड्याने घ्या. बूट मात्र स्वतःचे असू द्या, आणि ते निघण्याच्या चांगले काही महिने आधी पायात पडू द्या. शामोनीत बूटही भाड्याने मिळतात, चांगल्या अवस्थेतले मिळतात. पण नवख्या बुटात पहिल्याच दिवशी टाच सोलली, तर पुढच्या हटपर्यंत तुमच्याऐवजी दुसरं कोणी चालू शकत नाही. मी माझे बूट गेल्या दिवाळीच्या सुमारास घेतले, हिवाळाभर आणि उन्हाळाभर सह्याद्रीत वापरले, जुलैत आल्प्सला नेले आणि परत आल्यावर पावसाळा त्यांनी पुण्यात काढला. एवढ्या वापरानंतरच लिहायचं ठरवलं होतं.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. माझा पाय रुंद पंजाचा आणि अरुंद टाचेचा आहे. माझ्या पायाला जमलेला साचा तुमच्या पायाला जमेलच असं नाही. बघायचं ते वर्गवारीकडे. बी-वन बुटाचा सोल थोडा वाकतो आणि त्याला पट्ट्यांनी बांधायचे क्रॅम्पॉन लागतात. बी-टूचा सोल बराच ताठ असतो आणि टाचेमागे एक खाच असते, तिच्यात क्रॅम्पॉनची खिट्टी बसते. बी-थ्री पूर्ण ताठ, पुढेमागे दोन्हीकडे खाच, उभ्या बर्फावर चढणाऱ्यांसाठी. उन्हाळ्यातल्या ओत रूटसाठी बी-टू हेच योग्य माप. सोल वाकला तर क्रॅम्पॉन बुटापासून सुटू पाहतो, आणि कडक बर्फाच्या उतारावर तो सुटणं परवडत नाही.

सोलचाच विषय निघाला म्हणून सांगते. १९३५ मध्ये इटलीतल्या पुंता रासिका शिखरावर सहा गिर्यारोहकांचा जीव गेला. वादळ आलं आणि पायात कड्यावर चढायचे हलके जोडे होते, थंडी-बर्फाला उपयोगाचे नव्हते. त्या मोहिमेत असलेल्या मिलानच्या विताले ब्रामानींनी त्यानंतर खोल खाचांचा रबरी सोल तयार केला. १९३७ मध्ये त्याचं पेटंट झालं आणि त्यांच्याच नावावरून त्याला विब्रम म्हणू लागले. बुटाच्या तळाशी तो पिवळा अष्टकोन दिसला की मला ते सहाजण आठवतात.

माझी भाची म्युनिकला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा दुकानात जाऊन बूट घेतले. असल्या दुकानांत लाकडी उताराची एक छोटी चढण असते, तिच्यावर वर-खाली चालून बघायचं. संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो. जे मोजे ट्रेकला घालणार तेच घाला. उतारावर उतरताना अंगठा पुढे टेकला तर ते माप सोडून द्या, कितीही आवडलं तरी. झेरमाटला पोचायच्या आधीचा उतार हजार मीटरचा आहे, आणि त्याच्या आदल्या दिवशीही जवळजवळ तेवढाच. नखं काळी पडायला तेवढं पुरतं. जोडीचं वजन दीड किलोच्या आसपास भरतं, किंमत युरोपात तीनशे युरोंच्या घरात किंवा त्याच्या वर.

आता सह्याद्री. इथे हे बूट कसे चालतात हे मला कळकळीने सांगायचं आहे, कारण पुण्यात ‘आल्प्सला जायचंय ना, मग तेच बूट घालून के-टू-एस कर’ असा सल्ला सर्रास मिळतो. कात्रज ते सिंहगड हा टेकड्यांचा चढउतार दमसासासाठी उत्तम आहे, पण ताठ सोलच्या बुटांत, रात्री, घसाऱ्यावर तो करू नका. सुट्या मुरमावर सोल वाकत नाही, त्यामुळे पायाखालची जमीन जाणवतच नाही. ओल्या, शेवाळलेल्या बेसॉल्टवर तर ते धोकादायक आहेत. तिथे आपल्या ट्रेकर मंडळींच्या पायातले स्वस्तातले अ‍ॅक्शन ट्रेकिंग बूट यांच्यापेक्षा कितीतरी सरस. राजगड-तोरणा मी त्यांनीच करते आणि करत राहीन.

मग बी-टू मुरवायचे कुठे? माझ्यासाठी आतकरवाडीची वाट कामाला आली. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, माती कोरडी आणि हवा थंड असताना, सहाशे मीटरच्या आसपासचा सलग चढ. आधी पर्वतीच्या पायऱ्या आणि वेताळ टेकडी, मग मोकळ्या पाठीने सिंहगड, मग पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून. वर ताक विकणाऱ्या मावशी दर वेळी बुटांकडे बघत. एकदा म्हणाल्या, “ताई, एवढे जड बूट घालून चढताय? पाय भरून येतील की.” मी म्हटलं, “मावशी, बर्फात जायचंय.” त्यांनी बुटाच्या सोलवर बोटं दाबून बघितली आणि ताकाचे पैसे घेतले नाहीत.

मार्चपासून मात्र पुण्यात हे बूट घालणं म्हणजे पाय वाफवणं आहे. आतलं पाणीरोधक अस्तर घाम बाहेर सोडतं, पण बाहेरच चाळीस अंश असेल तर सोडणार कुठे? उन्हाळ्यात मी ते फक्त पहाटे, तासाभरासाठी घालत होते. चामडं टाचेशी मऊ व्हायला तेवढं पुरलं.

विमानात बूट पायातच ठेवा. क्रॅम्पॉन किंवा अ‍ॅक्स स्वतःचे नेत असाल तर ते चेक-इनच्या सामानात.

गाइडने पहिल्या दिवशी ल तूर गावात सगळ्यांचे बूट हातात घेतले. क्रॅम्पॉन बुटाला बसवला, पट्टा न आवळता बूट उचलून जोरात हलवला. क्रॅम्पॉन तसाच घट्ट राहिला तरच बूट पास. आमच्यातल्या एका काकांचे बूट या परीक्षेत उतरले नाहीत, गाइडने त्यांना तिथल्या तिथे भाड्याच्या दुकानात पाठवलं. काका थोडे नाराज झाले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच येऊन गाइडचे आभार मानले. गाइड आयएफएमजीएचा, म्हणजे पर्वत-गाइडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा, परवाना असलेला असावा हे सगळेच सांगतात. त्या परवान्यामागची वर्षं मला या दोन मिनिटांत दिसली.

पहिला मुक्काम आल्बेर प्रमिए हटवर, २,७०२ मीटरवर. पुणे ५६० मीटरवर, कळसूबाई १,६४६ वर. म्हणजे महाराष्ट्राच्या छतापेक्षा हजार मीटर वर आपण झोपतो. दुसऱ्या रात्री त्रियां हट, ३,१७० मीटर. चढताना धाप लागते, झोप मोडते, डोकं किंचित दुखतं. शामोनीत आधी दोन दिवस राहून वर जाऊन-येऊन शरीराला सवय करून घेतली होती, म्हणून मला जड गेलं नाही. ज्यांना सुट्टीच पुरत नाही त्यांनी हा कार्यक्रम एका वर्षाने पुढे ढकलावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोल द्यू तूर ही खिंड ओलांडताना बुटांची खरी ओळख झाली. खिंडीजवळ बर्फ ओसरून सुटे दगड उघडे पडलेत. तिथे ताठ सोलची कड छोट्याशा खाचेवर टेकवून उभं राहता येतं, पोटऱ्या थरथरत नाहीत. खिंडीपलीकडे त्रियांचं हिमपठार. पहाटेचा बर्फ काचेसारखा कडक, क्रॅम्पॉनचे दात करकर रुतत जातात आणि बूट एका बाजूलाही कलत नाही. अकरानंतर तोच बर्फ भुसभुशीत होतो, दातांमध्ये गोळे जमतात, दर दहा-बारा पावलांना अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेला ठोकून ते पाडावे लागतात. दुपारी पाय ओले झाले, पण पाणी वरून, गेटरच्या (नडगीवर बांधायच्या आवरणाच्या) आतून शिरलं होतं, चामड्यातून नाही.

पुढे शांपेकडे उतरून गाडीने मोव्वाझां धरणापर्यंत, २५० मीटर उंचीची ती काँक्रीटची कमान, आणि तिथून शांरियों हट. मग ओतेमा हिमनदीवरून विन्येत हट. ओतेमा लांबच लांब आणि जवळजवळ सपाट आहे. उघड्या बर्फावर वितळलेल्या पाण्याचे ओढे वाहतात, त्यांचा आवाज दिवसभर सोबत असतो. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा सुमारे १० टक्के बर्फ गेला. गाइडने कडेच्या खडकावर, आमच्या डोक्याच्या बऱ्याच वर, त्याच्या लहानपणी बर्फ कुठवर होता ते दाखवलं. त्यानंतर बराच वेळ आमच्यात कोणी बोललं नाही. या सपाट चालीत बी-टूचा ताठपणा मात्र नकोसा होतो. पाऊल वळत नाही, नडगीवर बुटाची जीभ घासते. वरचे दोन हुक मोकळे सोडले की बरं वाटतं, पण चढ लागायच्या आत ते परत आवळायचे.

सगळ्यात मनात राहिलेली जागा बेर्तोल. ३,३११ मीटरवर, खडकाच्या सुळक्यावर बसवलेली हट, आणि शेवटचा टप्पा लोखंडी शिड्यांचा. दमलेल्या पायांनी, जड सॅक घेऊन शिडीच्या गजावर बुटाचा मधला भाग टेकवायचा. मऊ सोलमध्ये तळव्याला गज टोचला असता. इथे काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या पहाटे तेत ब्लांशच्या माथ्यावर पोचलो तेव्हा समोर दां ब्लांश आणि मॅटरहॉर्न ही शिखरं. मी रडले. मग श्टॉकजीकडचा उतार, भेगांनी भरलेला. दोरावर दोघांमध्ये बरंच अंतर, दोर ना ताणलेला ना जमिनीवर लोळणारा, आणि गाइड पुढे काठीने बर्फाचे पूल टोचून बघत. इथे मी स्वतः वाट शोधली असती का? मुळीच नाही. गाइडच्या पैशांबद्दल जे विचारतात त्यांना मी हाच उतार सांगते.

हटबद्दल थोडं. बूट दारातल्या खोलीत काढायचे, आत हटच्या सपाता घालायच्या. एकसारखे दिसणारे बूट खूप असतात आणि पहाटे चारला, अर्धवट झोपेत, कोणी तुमचे घालून जाऊ शकतं. मी माझ्या लेसला पिवळी रिबन बांधली होती. आल्या-आल्या आतले इनसोल काढून वेगळे ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा. शेगडीजवळ ठेवू नका, उष्णतेने डिंक सुटतो. एकाच खोलीत सगळ्यांच्या गाद्या ओळीने, स्वतःची लायनर (झोपायची पातळ कापडी पिशवी) सोबत हवीच. उंचावरच्या हटवर पिण्याचं पाणी विकत घ्यावं लागतं. शाकाहारी जेवण बुकिंग करतानाच सांगितलं तर मिळतं, बहुतेक चीज किंवा अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांनी तेही वेगळं कळवावं. आम्ही मेतकूट आणि लसणाची चटणी नेली होती. सूपमध्ये मेतकूट घालून बघा.

परतल्यावरचा भाग कोणीच लिहीत नाही. ऑगस्टमध्ये पुण्यात आले तेव्हा हवा ओलीचिंब. बूट धुऊन कपाटात ठेवले असते तर आठवड्यात बुरशी धरली असती. माझ्या मैत्रिणीच्या बुटांवर धरलीच. त्याहून गंभीर गोष्ट सोलच्या आत होते. अशा बुटांचा मधला थर बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो आणि तो दमटपणाने हळूहळू विघटित होतो, वापरला नाही तर अधिकच. काही वर्षं डब्यात जपून ठेवलेला बूट ऐन ट्रेकमध्ये सोल टाकतो, त्याचं कारण बहुतेक हेच. म्हणून माझे बूट उघड्या रॅकवर, पंख्याच्या वाऱ्यात असतात, आणि पावसाळ्यातही कोरड्या दिवशी मी ते घालून तळजाईवर चक्कर मारते. निघण्याआधी मधल्या थरावर अंगठ्याने दाबून बघा. भेगा दिसल्या किंवा भुगा हाताला लागला, तर ते बूट डोंगरात नेऊ नका.

तक्रारी दोन. डाव्या बुटाचा एक हुक दुसऱ्या महिन्यातच वाकला. पक्कडीने सरळ केला, तेव्हापासून टिकलाय. आणि पंजाभोवतीची रबरी पट्टी मोरेनच्या (हिमनदीने आणून टाकलेल्या) दगडांवर घासून एका कोपऱ्यात उचलली गेली. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. आमच्या चौकातल्या चर्मकार काकांनी ती घासून, साफ करून, शिकंजात रात्रभर दाबून चिकटवली. त्यांनी पैसे पन्नास सांगितले, मी जास्त दिले. सोलची झीज टाचेच्या बाहेरच्या कडेला दिसते, पुढच्या खाचा अजून खोल आहेत. पुढच्या उन्हाळ्यात स्पितीला हेच नेणार आहे.