एक किलोचा तंगूस : आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगते, मासेमारीचा विक्रम झालेला नाही. नोव्हेंबर ते जून असे आठ महिने, आठवड्यातून साधारण दोनदा, मी एक किलो वर्गाच्या तंगुसावर, म्हणजे एक किलोच्या ओढीच्या आत तुटणाऱ्या मासेमारीच्या नायलॉन दोरीवर, मासे गरवले. वहीत ६३ मासे लागल्याची नोंद आहे, हाताला आले १९. उरलेल्यांनी काय शिकवलं, तेच इथे जास्त येणार.

मी मूळची वेंगुर्ल्याची, अकरा वर्षं फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ राहते. लहानपणी आजोबांबरोबर लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस घेऊन खाडीवर जायचे, तेवढीच पूर्वतयारी. इथे आल्यावर कळलं की मासेमारीचे विश्वविक्रम नोंदवणारी इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन (पुढे नुसतं आयजीएफए) आमच्या शेजारच्या डेनिया बीचला आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सुरू झालेली संस्था. ती सगळ्यात मोठा मासा तर नोंदवतेच, पण प्रत्येक ताकदीच्या तंगुसावरचा सगळ्यात मोठा मासाही वेगळा नोंदवते. वर्ग १ किलोपासून सुरू होतात, मग २, ३, ४, ६ असे वर जातात. बायकांचे विक्रम वेगळे. त्या यादीत बरेच रकाने अजून रिकामे आहेत, ते बघूनच मला खाज सुटली.

आता तंगुसाबद्दल. इथे पहिल्यांदाच डोकं उलटं चालवावं लागतं. दुकानातल्या नेहमीच्या तंगुसावर '२ पौंड' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ किमान एवढं तरी पेलेल. विक्रमासाठी जो 'क्लास' तंगूस मिळतो, त्याची हमी बरोबर उलट असते: एवढ्याच्या आत तुटेलच. म्हणजे तुटण्याच्या खात्रीसाठी आपण जास्त पैसे मोजतो. मला साधारण तिप्पट पडले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगो, तुटणारोच होयो तर माझ्याकडे सुतळी आसा."

मी आधी कंजूसपणा केला. एका कंपनीचा साधा दोन पौंडी तंगूस आणला, महिनाभर वापरला आणि मग घरी तपासला. तंगुसाचे तुकडे दोन तास पाण्यात भिजवायचे, कारण आयजीएफएसुद्धा ओलाच तपासते; नायलॉन पाणी पितं आणि थोडं कमजोर होतं. मग एक टोक दाराच्या कडीला, दुसरं सामान तोलायच्या डिजिटल काट्याला बांधून हळूहळू ओढायचं. माझे तीन तुकडे तुटले १.४६, १.५१ आणि १.३९ किलोला. तंगूस म्हणून उत्तम! पण त्यावर पकडलेला मासा सरळ दोन किलोच्या वर्गात गेला असता आणि तिथल्या माशांपुढे माझा म्हणजे चिमणीचं पिल्लू. महिना फुकट.

'क्लास' तंगूस मात्र चोख निघाला. तीन स्पूलांतून (तंगूस गुंडाळलेल्या चकत्यांतून) नऊ तुकडे तपासले, सगळे ९०० ते ९६० ग्रॅमच्या दरम्यान तुटले. तपासणी किलोत होते. पूर्ण एक किलोची, म्हणजे २.२ पौंडांची मुभा असते, ती हे लोक जवळजवळ पूर्ण वापरतात. रंग फिकट हिरवट, रात्री बॅटरीच्या उजेडात कसाबसा दिसतो. केसापेक्षा जरासा जाड. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर गाठ मारताना तो हवाच.

गाठीवर थोडं थांबते, कारण पहिल्या दोन महिन्यांतले निम्मे मासे मी गाठीत घालवले. साध्या गाठीत तंगुसाची बरीच ताकद जाते आणि मुळात हाती एक किलो असताना तेवढी चैन परवडत नाही. बिमिनी ट्विस्ट नावाची गाठ जवळपास पूर्ण ताकद राखते: तंगूस दुहेरी करायचा, वीसेक पीळ द्यायचे, मग एक टोक त्या पिळांवरून मागे फिरवत आणायचं. फास पायाच्या अंगठ्यात अडकवून, टीव्ही बघत रोज दहा गाठी मारल्या. ओढायच्या आधी थुंकी लावायची, नाहीतर घासून तापतो आणि तिथेच मरतो. हा दुहेरी तंगूस आणि लीडर (गरीला बांधलेला शेवटचा वेगळा तुकडा) किती लांब चालतो हे आयजीएफएने ठरवलेलं आहे. खाऱ्या पाण्यात या वर्गाला प्रत्येकी १५ फूट, दोन्ही मिळून २० फुटांच्या वर नाही. पण लीडर कितीही जाड चालतो! मी २० पौंडी लावते. इथला स्पॅनिश मॅकरेल म्हणजे आपल्या सुरमईचा भाऊबंद, तसेच दात. जाड लीडरशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

खरी परीक्षा रीळाच्या ड्रॅगची, म्हणजे मासा ओढतो तेव्हा तंगूस किती जोराला सुटावा हे ठरवणाऱ्या ब्रेकची. ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या पाव हिश्शावर लावायचा, म्हणजे इथे २५० ग्रॅम. मोजायला मी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घेते, ती बाटलीसकट २५० ग्रॅम भरेल इतकंच पाणी घालते आणि रॉडमधून ओवलेल्या तंगुसाला टांगते. रॉड उचलल्यावर बाटली जमिनीवरून उठून लगेच सावकाश खाली उतरायला लागली पाहिजे. अडकून मग झटक्याने सुटली तर ते रीळ या कामाचं नाही. माझं पहिलं रीळ असंच अडकायचं. मोठ्या माशांसाठी उत्तम असेल, पण सुटतानाचा तो एक झटका अर्ध्या किलोचा भरायचा.

आणि मासा पळतो तेव्हा ड्रॅग आपोआप वाढतो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. स्पूलवरचा तंगूस कमी होत जाऊन त्याचा घेर निम्मा झाला की तोच ड्रॅग दुप्पट ओढ देतो. त्यात शंभर मीटर तंगूस पाण्यातून ओढला जातोय, त्याचं ओझं वेगळं. म्हणजे मासा लांब गेला की ड्रॅग सैल करायचा. हात नेमका उलटं करतो, आवळतो. मग मी रुंद, उथळ स्पूल घेतलं आणि तळाला इन्सुलेशन टेपचे थर देऊन ते भरून काढलं.  

आजोबांकडे रीळ नव्हतं. त्यांचा ड्रॅग म्हणजे तर्जनी. मी घाईघाईने खेचायला लागले की म्हणायचे, "ओढू नको गो, जाऊंदे तेका. दमलो काय आपसूक येतलो." आठ महिन्यांनी एवढ्या महागड्या सामानातून मी त्याच बोटापर्यंत पोचलेय. हल्ली ड्रॅग आणखी सैल ठेवते आणि वरचा दाब स्पूलच्या कडेला बोट टेकवून देते. बोट लगेच उचलता येतं, ड्रॅगचा स्क्रू तसा लगेच सैल करता येत नाही.

आता फेब्रुवारीतली ती रात्र. थंडीत इथल्या धक्क्यांवरच्या दिव्यांखाली कोळंबी जमते आणि तिच्यामागे लेडीफिश येतात. रुपेरी, लांबट, वेड्यासारख्या उड्या मारणारा, खायला काटेरी म्हणून कुणी घरी नेत नाही. पण हलक्या तंगुसावर याच्यासारखा मासा नाही. त्या रात्री लागलेला मी पाहिलेल्यांत सगळ्यात मोठा होता. पाच उड्या मारल्या. दर उडीला मी रॉड खाली झुकवून तंगूस ढिला सोडत होते. पंचवीस मिनिटांनी तो कुशीवर झाला, लीडर अजून पाण्यातच. नवरा जाळी घेऊन वाकला आणि जाळी पुरत नाही म्हणून त्याने मदतीच्या भरात वर ताणलेला तंगूसच धरला. मासा आला, तंगूस तुटलासुद्धा नाही. पण मासा लागल्यापासून रॉड, रीळ, तंगूस यांना दुसऱ्या कुणाचा हात लागला की दावा बाद. लीडर हाती आल्यावर तो धरायला मदतनीस चालतो, त्याआधी नाही. मी काहीच बोलले नाही. मासा सोडला. नवरा गाडीत विचारत होता, "आता काय झालं?"

बाकी कागदपत्रं सोसतील इतपतच आहेत. लीडर, दुहेरी तंगूस आणि त्यापुढचा किमान ५० फूट एकेरी तंगूस नमुना म्हणून पाठवायचा, वजनकाटा वर्षभरात प्रमाणित केलेला हवा, वजन जमिनीवरच, होडीत केलेलं चालत नाही. फोटो आणि साक्षीदार लागतात. अर्जाला अमेरिकेत ६० दिवस, बाहेर ९०. मासा २५ पौंडांच्या आतला असेल तर जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीने धरलेला २२ पौंड ४ औंसाचा बास (गोड्या पाण्यातला मासा) म्हणूनच अजून यादीत आहे. २००९ साली जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताचा बास त्याहून जेमतेम औंसभर जड भरला आणि दोघांची बरोबरी लागली.

टिकाऊपणात मात्र तक्रार आहे. फ्लोरिडाच्या उन्हात पाच-सहा खेपांनंतर माझे तुकडे ८०० ग्रॅमच्या खाली तुटू लागले. धक्क्याच्या खांबांवरच्या कालवांना नुसता लागला तरी संपला. आता दर खेपेनंतर टोकाचे तीन-चार मीटर कापते आणि सहा खेपांनी स्पूल बदलते. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवलं तर तंगुसाला असा पीळ बसतो की मग तो फक्त कचऱ्यात जातो.

एक गोष्ट मनाला टोचते. हलका तंगूस म्हणजे मासा जास्त वेळ झुंजणार, जास्त दमणार. तुटला की गरी तोंडात घेऊन जाणार. मी टोकामागचा उलटा काटा दाबून टाकलेल्या, गंजणाऱ्या गऱ्या वापरते आणि मे महिन्यात पाणी तापलं की दिवसा जात नाही. टार्पनसारख्या मोठ्या माशावर हा तंगूस टाकणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही.

कोकणातून कुणी विचारेल म्हणून: खडपांवर हा तंगूस घेऊन जाऊच नका, पैसे कालवांना घालाल. खाडीच्या तोंडाशी, वाळूत, रुंद पाण्यात करून बघा. आणि सुरुवात दोन किलोच्या वर्गाने करा, एक किलोने चिडचिडच होईल.

नवऱ्याला आता फक्त बॅटरी धरायची परवानगी आहे. परवा चौथं स्पूल आलं, त्याचे तुकडे ग्लासात भिजत ठेवले होते, ते त्याने पाणी शिळं दिसतंय म्हणून सिंकमध्ये ओतले. आज पुन्हा भिजत घातलेत, ग्लासावर चिठ्ठी चिकटवून.