टीसीपीडम्प : एका ओळीत एक पॅकेट

सर्व्हरवर जी साधने मी रोज वापरतो, त्यांत टीसीपीडम्पइतके मोजके बोलणारे दुसरे नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते लिहिले. नेटवर्कवरून जाणारे प्रत्येक पॅकेट, म्हणजे मजकुराचा छोटा तुकडा, ते पडद्यावर एका ओळीत मांडते, आणि या परीक्षणाचा विषय ती ओळच आहे.

ओळीच्या सुरुवातीला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतची वेळ येते. त्यानंतर पाठवणाऱ्याचा पत्ता, 'पेक्षा मोठे'चे चिन्ह, घेणाऱ्याचा पत्ता, आणि टीसीपीचे, म्हणजे आधी जोडणी करून मजकूर पोचवणाऱ्या पद्धतीचे, पॅकेट असेल तर चौकटी कंसात एकदोन खुणा असतात. एस म्हणजे जोडणीची मागणी, टिंब म्हणजे पोच, पी म्हणजे मजकूर लगेच पुढे द्या, एफ म्हणजे आता थांबू या आणि आर म्हणजे जोडणी तोडली. पुढे मजकुरातील बाइटांचे क्रमांक येतात आणि शेवटी मजकुराची लांबी. जोडणीच्या आरंभी खरा, लांबलचक क्रमांक दाखवून पुढे १ पासून मोजायचे, ही योजना मला फार आवडते, कारण त्यामुळे आतापर्यंत किती बाइट गेले ते बेरीज-वजाबाकी न करता कळते.

या मांडणीचे मोल मला एका गावी दोन शाखा असलेल्या कार्यालयात कळले. एका शाखेतील प्रणालीला दुसऱ्या शाखेतील डेटाबेस सापडत नव्हता आणि दोन्हीकडची मंडळी नेटवर्ककडे बोट दाखवत होती. मी पहिल्या सर्व्हरवर टीसीपीडम्प लावला, तर एस खूण असलेली एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती. क्रमांक तोच होता, फक्त वेळ बदलत होती आणि दोन ओळींतले अंतर १ सेकंद, मग २, मग ४ असे दुप्पट होत होते. म्हणजे मागणी बाहेर पडत होती आणि उत्तर कुणीच देत नव्हते. पलीकडे डेटाबेस नुसता बंद असता, तर बहुधा आर खुणेची ओळ तत्क्षणी परत आली असती. मग दुसऱ्या सर्व्हरवर तेच केले आणि त्याच ओळी तिथेही दिसल्या. लिनक्सवर आत येणारे पॅकेट टीसीपीडम्पला यंत्राच्या स्वतःच्या फायरवॉलच्या, म्हणजे नको ती ये-जा अडवणाऱ्या पहारेकऱ्याच्या, आधी दिसते. त्यामुळे वाट मोकळी असून त्या सर्व्हरचा फायरवॉलच मागण्या गिळतो आहे, हे सिद्ध झाले. एक नियम दुरुस्त करताच एसच्या पाठोपाठ 'एस आणि टिंब' आणि मग नुसते टिंब अशा तीन ओळी झरझर उमटल्या. तो क्षण मला अजून आठवतो.

मात्र नवख्या वाचकाला ही ओळ अडखळायला लावते. पोर्टचा, म्हणजे यंत्रावरील नेमक्या सेवेच्या दाराचा, क्रमांक पत्त्याला टिंबानेच जोडलेला असतो, म्हणून १९२.१६८.१.५.४४३ असे पाच आकडे पाहून माणूस गोंधळतो. इथे अपूर्णविराम (:) जास्त शोभला असता. पर्याय न देता चालवल्यास हे साधन पत्त्यांची नावे शोधू लागते, त्यासाठी स्वतःच नेटवर्कवर प्रश्न पाठवते आणि ओळी रखडत येतात. नावे न शोधता आकडेच दाखवणारा 'एन' हा पर्याय मुळातच चालू असायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. 'व्ही' पर्यायाने तपशील मागितला, की आपल्याच यंत्रातून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांपुढे चेकसम (चूक ओळखण्यासाठीची बेरीज) चुकीचा असल्याचा शेरा पुष्कळदा दिसतो. ती बेरीज पुढे नेटवर्क कार्ड भरणार असते, त्यामुळे त्या शेऱ्यामागे धावू नये. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (सुरक्षित दूरजोडणीने) शिरून काम करताना तिचे पोर्ट २२ वगळण्याची अट घालणेही आवश्यक आहे, नाहीतर छापलेली प्रत्येक ओळ स्वतःच नवे पॅकेट होऊन पुन्हा पडद्यावर येत राहते.

मोठ्या 'एक्स' पर्यायाने पॅकेटचे पोट उघडून दिसते. डावीकडे स्थान, मध्ये सोळा-सोळा बाइट षोडशमान (हेक्साडेसिमल) अंकांत आणि उजवीकडे त्यांची अक्षरे असतात. पहिलाच बाइट बहुधा ४५ असतो: ४ म्हणजे आयपी या पत्त्यांच्या पद्धतीची चौथी आवृत्ती आणि ५ म्हणजे पाच चौके वीस बाइटांचे शीर्ष. उजवा स्तंभ मात्र फक्त इंग्रजी अक्षरे ओळखतो. आपला मराठी मजकूर कूटबद्ध न होता जात असेल, तर तिथे केवळ टिंबांची रांग दिसते. एकदा मी मधल्या स्तंभात पाहिले, तर दर तीन बाइटांनी 'ई०, ए४' किंवा 'ई०, ए५' ही जोडी येत होती आणि 'म' साठी तिच्यापुढे 'एई' होता. तेव्हापासून ती जोडी दिसली, की देवनागरी चालली आहे हे मी अंकांवरूनच ओळखतो.

वायरशार्क या पॅकेट तपासणाऱ्या साधनाच्या कुटुंबातील टीशार्क अधिक प्रोटोकॉल (संवादाचे नियम) उलगडतो आणि हवे तेवढेच रकाने छापून देतो. सविस्तर विश्लेषणासाठी मी तोच घेतो, परंतु अडलेल्या सर्व्हरवर पहिला हात टीसीपीडम्पकडेच जातो. ४.९९ या आवृत्तीपासून लिनक्सवर सर्व इंटरफेसवर (यंत्राच्या नेटवर्क-जोडण्यांवर) एकत्र ऐकताना प्रत्येक ओळीत इंटरफेसचे नाव आणि पॅकेट आत आले की बाहेर गेले तेही छापले जाते, त्यामुळे एकच पॅकेट दोनदा का दिसते हा जुना प्रश्न सुटला आहे.

काम थांबवल्यावर तीन आकडे छापले जातात: किती पॅकेट पकडली, किती गाळणीपर्यंत (पॅकेट निवडणाऱ्या अटींपर्यंत) आली आणि किती कर्नलने, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याने, न पकडताच सोडून दिली. तिसरा आकडा शून्य नसेल, तर वर वाचलेल्या ओळी अपुऱ्या आहेत, हे साधन स्वतःच सांगते. अशा वेळी मी पडद्यावर काहीही न छापता सगळे थेट फाइलमध्ये उतरवतो आणि नंतर ती फाइल त्याच टीसीपीडम्पने सावकाश वाचतो.