स्वयमचा कोर्स की जळगावची कार्यशाळा?

शहाद्याकडच्या एका वाचनालयातल्या ताईंचा प्रश्न: कोहा (वाचनालयाच्या संगणकीकरणाचं मोफत सॉफ्टवेअर) शिकायचंय, तर घरबसल्या 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावर ग्रंथालयशास्त्राचा कोर्स करू, की जळगावला कार्यशाळा लागली की जाऊ? जाहिरातीतलं 'सर्वांगीण विकास' वगैरे सोडून देऊ.

खर्च: स्वयमवर शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची फी. कार्यशाळेला फी कमी असली तरी नंदुरबारपर्यंत एसटी, पुढे सुरत-भुसावळ लाईनची गाडी, मुक्काम आणि मुख्य म्हणजे रजा. एकहाती वाचनालयात रजा म्हणजे दाराला कुलूप.

वेळ: स्वयमचे कोर्स साधारण जानेवारी आणि जुलैत सुरू होतात आणि काही आठवडे चालतात. दुसऱ्या आठवड्यात गळती लागते, हे आपल्याला माहीतच आहे.

हाताला काय लागतं, इथे मात्र कार्यशाळा सरस. कोहात लेखकाच्या १०० क्रमांकाच्या रकान्यात एकदा 'चौधरी, बहिणाबाई' आणि एकदा 'बहिणाबाई चौधरी' टाकलं, की एकाच कवयित्रीच्या दोन नोंदी होतात. असली चूक शेजारी बसलेला माणूस लगेच दाखवतो, व्हिडिओ दाखवत नाही. शिवाय चोपडा-अमळनेरची मंडळी भेटतात, पुढच्या अडचणीला फोन करायला.

कॉलेजात असाल आणि बढतीच्या फाईलला प्रमाणपत्र लागत असेल, तर स्वयम. आधी कुठला कोर्स धरतात ते कार्यालयात विचारा. सार्वजनिक वाचनालयात या वर्षी संगणकीकरण करायचं असेल, तर रजा टाका आणि जळगाव गाठा. जाताना स्वतःची पन्नासेक पुस्तकांची यादी न्या.