आरटीएक्स ५०६० टीआय की आरएक्स ९०६० एक्सटी? आधी कॅबिनेट उघडून बघा

"मामा, ५०६० टीआय घेऊ की ९०६० एक्सटी?" सिडकोत राहणाऱ्या माझ्या भाच्याने ग्राफिक्स कार्डांचा हा प्रश्न २०२५ च्या गणपतीत विचारला आणि दिवाळीपर्यंत घरात दुसरा विषय नव्हता. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचा कॉम्प्युटर २०२२ चा. त्याआधीची दीड-दोन वर्षं क्रिप्टो मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्डांच्या किमती हाताबाहेर गेल्या होत्या, म्हणून आम्ही एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेऊन त्याच्यातल्याच ग्राफिक्सवर भागवलं. त्या काळात जोडलेले असे बरेच कॉम्प्युटर मी नाशिकमध्ये पाहिलेत, आणि त्यांचे मालक आता एकेक करून कार्डासाठी पैसे जमवतायत. हे लिखाण त्यांच्यासाठी.

दोन्ही कार्डं २०२५ ची. एनव्हिडियाचं ५०६० टीआय एप्रिलमध्ये आलं, एएमडीचं ९०६० एक्सटी जूनमध्ये. पण दोन्हींच्या नावात एक खोच आहे. दोन्ही कार्डं ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात आणि नाव मात्र तेच राहतं. दुकानातल्या कोटेशनवर नुसतं "५०६० टीआय" लिहिलेलं असतं, भाव बघून आपण खूश होतो, आणि घरी खोका उघडल्यावर ८ जीबीचं कार्ड निघतं. माझ्या एका मित्राचं असंच झालं. खोकं फोडलेलं असल्यामुळे दुकानदाराने परत घेतलं नाही.

८ जीबीला माझा इतका विरोध का, ते सांगतो. गेमला लागणारी टेक्स्चर्स (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावली नाहीत की उरलेला माल कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातो आणि दर वेळी मदरबोर्डच्या स्लॉटमधून ये-जा करतो. ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने वाचली जाते. स्लॉटची वाट त्यापुढे पाऊलवाटेसारखी आहे. जुन्या बोर्डवर ती सेकंदाला जेमतेम ८ जीबीची असते. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) चांगला दिसतो, पण वळणावर गाडी फिरवली की चित्र अडखळतं. आजचे मोठे गेम १०८० पिक्सेललाही, टेक्स्चर वरच्या सेटिंगला ठेवलं तर, ८ जीबीच्या पुढे जातात. कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर १६ जीबीच घ्या. यापुढे मी जे काही म्हणतोय ते दोन्हींच्या १६ जीबी कार्डांबद्दल.

आता दोघांना शेजारी ठेवू. ५०६० टीआयमध्ये नवी जीडीडीआर७ मेमरी आहे, ९०६० एक्सटीमध्ये जीडीडीआर६, सेकंदाला ३२० जीबीची. मेमरीची वाट दोन्हींची १२८ बिटची. वीज एनव्हिडियाला १८० वॅट लागते, एएमडीला १६०. कागदावर एनव्हिडियाची मेमरी बरीच वेगवान दिसते, पण प्रत्यक्ष गेममध्ये, रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या, प्रतिबिंबं काढणं) बंद असताना, ते कार्ड साधारण पाच-सहा टक्क्यांनीच पुढे राहतं. ८० एफपीएसच्या जागी ८४-८५. शेजारी दोन मॉनिटर ठेवून कुणी दाखवलं तरी मला ओळखता येणार नाही.

बाजारात येताना अमेरिकेतली किंमत होती ४२९ डॉलर आणि ३४९ डॉलर. म्हणजे एनव्हिडियाला २३ टक्के जास्त मोजायचे आणि साध्या गेमिंगमध्ये पाच-सहा टक्के परत घ्यायचे. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी धरला तर हा ८० डॉलरचा फरक आठ हजारांच्या आसपास जातो. आठ हजारांत चांगला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) येतो, किंवा एसएसडी.

आता कॅबिनेट उघडायचं. भाच्याच्या बाबतीत निकाल इथेच लागला.

ग्राफिक्स कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं त्यात सोळा लेन, म्हणजे माहिती ने-आण करणाऱ्या वाटा, असतात. ९०६० एक्सटी सोळाही लेन वापरतं. ५०६० टीआय, स्लॉट पूर्ण लांबीचा असला तरी, फक्त आठच वापरतं. नव्या बोर्डवर पीसीआयई, म्हणजे या स्लॉटच्या वेगाची पिढी, ५.० किंवा ४.० असते आणि तिथे आठ लेन पुरून उरतात. पण ५६००जी बसणारा जुना बी४५० बोर्ड पीसीआयई ३.० चा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ५६००जी हा प्रोसेसरच ३.० चा आहे. बोर्ड बी५५० असला तरी ५६००जी लावल्यावर कार्डाला ३.० वरच चालावं लागतं. हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. मलाही भाच्याच्या बोर्डची पुस्तिका दोनदा वाचल्यावर खात्री पटली.

३.० वर आठ लेन म्हणजे मघाशी म्हटलेली ती सेकंदाला ८ जीबीची पाऊलवाट. १६ जीबीच्या कार्डाला तिचा फार मोठा फटका बसत नाही, काही टक्केच जातात. पण ज्या पाच-सहा टक्क्यांसाठी आपण आठ हजार जास्त मोजणार होतो, नेमके तेच तिथे खर्ची पडतात. ९०६० एक्सटी त्याच बोर्डवर सोळा लेनने बोलतं, त्याची वाट दुप्पट रुंद. म्हणून जुन्या एएम४ (५६००जी ज्या सॉकेटमध्ये बसतो त्या) बोर्डवर, निव्वळ गेमसाठी, माझं मत स्पष्टपणे एएमडीकडे आहे. तुमच्याकडे बी६५० वगैरे नवा बोर्ड असेल तर हा मुद्दा तुमच्यापुरता निकालात निघाला.

भाच्याला मी आणखी एक गोष्ट बजावली. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांच्यासाठी तो ही दोन्ही कार्डं पाहत असेल, तर पैसे चुकीच्या ठिकाणी जातायत. १०८० पिक्सेलला हे गेम कार्डाला फारसं राबवत नाहीत, तिथे प्रोसेसर आधी थकतो. ५६००जीमध्ये कॅशे (प्रोसेसरची आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आहे, साध्या ५६०० मध्ये ३२. त्याच बोर्डवर बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून प्रोसेसर बदलला तर अशा गेममध्ये फरक जाणवेल. या दर्जाच्या कार्डाचं चीज १४४० पिक्सेलच्या मॉनिटरवर होतं.

रे ट्रेसिंग हा एनव्हिडियाचा घरचा आखाडा. सायबरपंक २०७७ मध्ये पाथ ट्रेसिंग, म्हणजे रे ट्रेसिंगचा सगळ्यात जड प्रकार, चालू केलं की ५०६० टीआय स्पष्टपणे पुढे निघतं. एएमडीने या पिढीत खूप मजल मारली आहे, साधं रे ट्रेसिंग ९०६० एक्सटीवर आरामात खेळता येतं. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम: द डार्क एजेससारखे, रे ट्रेसिंगशिवाय सुरूच न होणारे गेम दोन्हींवर चालतात. पण पाथ ट्रेसिंगची हौस असेल तर एनव्हिडियाच घ्या. एवढंच की या किमतीच्या कुठल्याही कार्डावर पाथ ट्रेसिंग म्हणजे अपस्केलिंग (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून दाखवणं) आणि कृत्रिम फ्रेम्स यांच्या आधाराने चालणं.

अपस्केलिंगबद्दल मात्र जुनी मतं बदलायला हवीत. एएमडीचं अपस्केलिंग, एफएसआर, २०२१ मध्ये आलं, पण ३.१ पर्यंत ते एनव्हिडियाच्या डीएलएसएसच्या मागेच होतं. पानं, तारा, जाळ्या हलताना चमचमायच्या. एफएसआर ४ मशीन लर्निंगवर चालतं आणि चित्र इतकं स्वच्छ आलंय की खेळताना तक्रार राहत नाही. ज्या गेममध्ये एफएसआर ३.१ आहे त्यांतल्या अनेकांत ४ थेट ड्रायव्हरमधून चालू करता येतं. तरी डीएलएसएस असलेल्या गेमची यादी बरीच मोठी आहे, कारण एनव्हिडियाने हे काम २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपासून चालवलंय. तुमचे आवडते चार-पाच गेम घ्या आणि प्रत्येकात काय मिळतं ते एकेक करून तपासा. मल्टी फ्रेम जनरेशन, म्हणजे खऱ्या दोन फ्रेम्सच्या मध्ये एकाहून जास्त कृत्रिम फ्रेम्स घालणं, हे ५०६० टीआयचं वैशिष्ट्य म्हणून सांगितलं जातं. मूळ एफपीएस साठच्या आसपास असेल तर त्याने चित्र गुळगुळीत दिसतं. मूळ तीसच असतील तर आकडा फुगतो, पण माऊसला आलेला जडपणा जात नाही. केवळ त्यासाठी मी जास्त पैसे मोजणार नाही.

हे झालं फक्त गेम खेळणाऱ्याचं. पंचवटीत माझा एक मित्र लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो, रात्री उरलेल्या वेळात गेम खेळतो. त्याला मी अगदी उलटा सल्ला दिला. त्याचा कॅमेरा ४:२:२ दहा बिटमध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवत, चित्रीकरण करतो. आरटीएक्स ५० मालिकेतली कार्डं हे फुटेज हार्डवेअरमध्येच उलगडतात. एएमडीच्या कार्डाला ते जमत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. हळदीच्या चार तासांच्या फुटेजमध्ये टाइमलाइन पुढेमागे सरकवताना हा फरक दिवसभर जाणवतो. हातातली एडिटिंगची आवृत्ती ही सोय वापरते का, एवढं आधी बघून घ्यायचं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला एचईव्हीसी (एच.२६५) या व्हिडिओ प्रकारातलं ४:२:२ येतं, म्हणून तसा प्रोसेसर असेल तर घाई नको.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करणाऱ्यांचंही तसंच. एएमडीवर ब्लेंडर चालतं, पण एनव्हिडियाच्या ऑप्टिक्स या रेंडर-प्रणालीवर रेंडर लवकर संपतो. मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना तर वर्गातला, लॅबमधला बहुतेक कोड कूडावर, म्हणजे एनव्हिडियाच्या स्वतःच्या प्रणालीवर, बेतलेला मिळतो. एएमडीची तशीच प्रणाली, आरओसीएम, सुधारतेय, पण सबमिशनच्या आदल्या रात्री ड्रायव्हरशी झगडण्याची वेळ कुणावर येऊ नये. भाच्याला मी हे स्पष्ट विचारलं. तो मेकॅनिकलला आहे, त्याचं कॅडचं काम कॉलेजच्या लॅबमध्ये होतं. नाहीतर माझं उत्तर बदललं असतं. लिनक्स वापरणाऱ्याला मात्र एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच तयार मिळतो, ही मोठी सोय आहे.

विजेचं फार मनावर घेऊ नका. वीस वॅटचा फरक, रोज चार तास खेळलं तरी महिन्याला अडीच युनिटच्या आत. एसएमपीएस मात्र बघा. एएमडी ९०६० एक्सटीसाठी किमान ४५० वॅटचा सांगते, एनव्हिडिया ५०६० टीआयसाठी ६०० वॅटचा. भाच्याकडे चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा होता, तो चालला. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस असेल तर त्यावरचा आकडा कितीही असू दे, आधी तो बदला. बहुतेक मॉडेलना आठ पिनची एकच केबल लागते.

आणि यूपीएस. आपल्याकडे घरोघरी ६०० व्हीएचा यूपीएस असतो, जो प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट पेलतो. प्रोसेसर, कार्ड, मॉनिटर धरले तर दोन्ही कार्डांबरोबर ऐन खेळात तो काठावर येतो. मे-जूनमध्ये वळवाच्या पावसात वीज गेली की यूपीएस सांभाळण्याऐवजी स्वतःच बंद पडतो. १००० व्हीएचा घ्या. नाशिकची थंडी कौतुकाची असली तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो, आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत कार्डाचा पंखा सतत वर जातो. समोर जाळी नसलेलं, काचेने बंद केलेलं कॅबिनेट असेल तर पुढून हवा घेणारे दोन पंखे बसवा. तीन पंख्यांचं लांब कार्ड निवडण्याआधी पट्टी घेऊन आतली जागा मोजा.

खरेदी कुठे करायची हाही प्रश्न येतोच. सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरून दादरला उतरायचं, लोकलने ग्रँट रोडला जायचं आणि लॅमिंग्टन रोडला भाव करायचा, हे आमच्या पिढीने खूप केलं. अजूनही तिथे मॉडेल जास्त दिसतात. पण एका कार्डासाठी जाताना जाण्यायेण्याचा खर्च धरा, आणि कार्ड बिघडलं तर ते कुठे जमा करायचं हे आधी विचारा. त्या ब्रँडचं कलेक्शन सेंटर नाशिकला असेल तर मी हजार रुपये जास्त देऊन इथेच घेईन. जीएसटीच्या बिलावर कार्डाचा सीरियल नंबर आणि "१६ जीबी" हे दोन्ही लिहून घ्या, आणि खोका दुकानातच उघडा.

२०२५ च्या दिवाळीनंतर एआयच्या मागणीमुळे मेमरीचे भाव चढू लागले आणि १६ जीबीच्या कार्डांनाही त्याची झळ लागली, म्हणून आज दुकानात किती फरक दिसेल ते तिथेच बघावं लागेल. माझा हिशोब असा: नवा बोर्ड असेल आणि दोन कार्डांत चार हजारांपेक्षा कमी फरक असेल, तर ५०६० टीआय घ्या, डीएलएसएसची यादी तेवढ्या पैशांची आहे. फरक सहा-सात हजारांच्या पुढे गेला आणि काम फक्त गेमचं असेल, तर ९०६० एक्सटी. जुना बोर्ड असेल तर दोन हजारांच्या फरकालाही ९०६० एक्सटीच.

भाच्याने ९०६० एक्सटी घेतलं. बसवल्यावर बायोसमध्ये जाऊन रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग, चालू केलं. ते बंद राहिलं तर हकनाक फ्रेम्स जातात. मग कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडून बस इंटरफेसची, म्हणजे स्लॉटच्या वेगाची, ओळ बघितली. सोळा लेन, ३.० वर. "मामा, हे ५.० ऐवजी ३.० का दाखवतंय?" त्याने विचारलं. मी त्याला ५६००जीचा रिकामा खोका आणायला सांगितला.