नवी सेडान की जुनी?

नवी मध्यम सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली गाडी, म्हटलं की होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस. चार मीटरहून लांब, म्हणून सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के. वॉरंटी मिळते, डोक्याला ताप नाही. बस.

जुनीत पैसे वाचतात, पण पारखून घ्यावी लागते. परवा लातूरला एक एमएच २४ पाहिली. पॉलिश अशी की तोंड दिसावं! सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर टोकाला वाळलेला गाळ. मालक म्हणे, "भाऊ, शेतातली धूळ हाय." गाडी पुरात बुडालेली, दुसरं काय!

जुनीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. सोयाबीनच्या पैशात बसवायची तर मी जुनीच घेईन, सर्व्हिसिंगच्या नोंदी असलेली. गावच्या स्पीडब्रेकरला पोट दोन्हींचं घासतंच.