६२,६०० डॉलरला एक लिंबाचं झाड तोडून मिळालं

मी ऑडिटमध्ये आहे. दुसऱ्यांच्या करारातल्या भानगडी शोधण्याचा मला पगार मिळतो. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात राहतो. घर दुमजली, झोपायच्या खोल्या सगळ्या वर, आणि आईचे गुडघे गेलेले. म्हणून मागच्या अंगणात तिच्यासाठी एडीयू, म्हणजे मुख्य घराच्या आवारातलं छोटं वेगळं घर, बांधायचं ठरलं. ७४९ चौरस फूट, कारण ७५० च्या खाली राहिलं की इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामाचा सार्वजनिक सोयींवर भार पडतो म्हणून घेतात ती) लावता येत नाही. मागच्या आणि बाजूच्या कुंपणापासून ४ फूट सोडले की पुरे, हेही पाठ होतं. एवढा अभ्यास करून फसले बरं का!

कंत्राटदार ओळखीतून आलेला. पुण्याचा, पहिल्याच भेटीत "ताई". मार्च २०२४ मध्ये २,४६,००० डॉलरचा करार झाला आणि सहीच्या दिवशी त्याने दहा टक्के मागितले, म्हणजे २४,६००.

आता नीट वाचा. कॅलिफोर्नियात घराच्या कामाला डाउन पेमेंट १,००० डॉलर किंवा कराराचे दहा टक्के, यातलं जे कमी असेल तेवढंच घेता येतं. हे वाक्य करारातच छापावं लागतं, आणि आमच्या करारात ते होतंही. मोठ्या, ठळक अक्षरांत. त्याने स्वतः बोट ठेवून वाचलं, "हे बघा ताई, टेन परसेंट, कायद्यातच आहे." आणि पान उलटलं. पुढचं "व्हिचेव्हर इज लेस" त्याने वाचलं नाही. मी वाचलं. डोळ्यांनी वाचलं, आणि आपल्या माणसासमोर काय कायदा काढायचा म्हणून चहा पुढे केला. हे तीन शब्द आता रात्री झोपू देत नाहीत.

त्याचं कंत्राटदाराचं लायसन्स बघितलं नव्हतं असं समजू नका. राज्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकला, "ॲक्टिव्ह" आलं. नाव वेगळं होतं. "ती आमची पार्टनर कंपनी," तो म्हणाला. ऑगस्टमध्ये त्या कंपनीला फोन केला, तर त्यांनी याचं नावही ऐकलेलं नव्हतं. फोन करायचा तो संकेतस्थळावर दिलेल्या नंबरवर, माणसाच्या कार्डावरच्या नाही. आणि चेक लायसन्सवर जे नाव आहे त्याच नावाने.

मे महिन्यात "परमिट सबमिट झालं, मटेरियल अडवून ठेवू" म्हणून ३८,००० वायर केले. जेवढं काम झालं त्याहून जास्त पैसे मागणंही इथे बेकायदेशीर आहे. तोवर काम काय झालं होतं? दोन माणसांनी येऊन लिंबाचं झाड तोडलं. गटाराची लाइन कुठून जाते हे कोणी पाहिलं नाही, इलेक्ट्रिक पॅनेल किती अँपिअरचं आहे हे कोणी विचारलं नाही. याशिवाय नकाशा कसा होईल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण त्याने सिटीचा, म्हणजे नगरपालिकेचा, शिक्का असलेली पीडीएफ पाठवली होती ना, अर्ज क्रमांकासकट!

सिटीला परमिटवर साठ दिवसांत निर्णय द्यावा लागतो, हे मी त्याला सुनावलं. तो म्हणाला, अर्ज "पूर्ण" धरला की मग साठ दिवस, आणि सिटी रोज नवा कागद मागते. हे खरंही असतं, तिथेच गोची. शेवटी सिटीच्या काउंटरवर गेले. तो क्रमांक दुसऱ्याच कोणाच्या वॉटर हीटर बदलण्याच्या परमिटचा होता. सिटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकायला दोन मिनिटं लागतात. परमिटची फी सिटीला आपल्या कार्डाने स्वतः भरा, म्हणजे अर्ज गेला की नाही हे तिथेच कळतं.

मग सुरू झाली वणवण. पोलीस म्हणाले, हा दिवाणी वाद. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. एका सरकारी कार्यालयात तक्रार केली, फोटो, चेक, मेसेज मिळून ८४ पानं. तीन महिन्यांनी पत्र आलं, मध्यस्थीला तयार आहात का? ज्याचा फोन बंद, ज्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर नेल सलून, त्याच्याशी मध्यस्थी! लायसन्सवाल्याचा २५,००० चा बाँड, म्हणजे भरपाईसाठी ठेवलेली हमी, असतो, पण करारावर त्याची सही नाही, म्हणून तोही गेला. स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा १२,५००, आणि त्यासाठीही नोटीस बजावायला पत्ता लागतो. वकिलाने आधी १०,००० मागितले. सिटीने काय केलं? निघताना बाईंनी एडीयू कसं बांधावं याची पुस्तिका हातात ठेवली. रंगीत.

२०२५ पासून सिटीला आधीच मंजूर केलेले नकाशे ठेवावे लागतात, त्यातला घेतला तर ३० दिवसांत निकाल. "मीच सगळं परमिट बघतो" म्हणणाऱ्याला तो नकाशा दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारते, कुठवर आलं? मी कॅमेरा खोडाकडे जाऊ देत नाही. परमिट अडकलंय, सिटी स्लो आहे, एवढंच सांगते.